बुलेटच्या सीटवरचा मोर

सुंदराक्कांनी शेवटचा टाका ओढला आणि दातांनी दोरा तोडला. उभा जन्म कोल्हापुरी चपला करण्यात गेलेला. बुलेटची सीट पहिल्यांदाच. चामड्यावर ठोकून उठवलेला मोर मात्र असा, की आता उडेल!

गिऱ्हाईक पैलवान. सीट बुलेटवर चढवून तो ऐटीत टेकला आणि सीट वाजली, कर्र!

अक्कांनी कपाळावर हात मारला. चालताना चप्पल कर्र वाजावी म्हणून तिच्या तळात बी घालायची जुनी सवय. हातांनी ती सीटच्या थरांतही घातली होती! आता उसवायचं, तर मोर फाटणार.

"चुकलं रे बाबा. दुसरी करून देते."

"हिला हात लावायचा न्हाई!" पैलवान मुद्दाम दोनदा हलला. कर्र, कर्र. "मागची सीटबी अशीच करा, अक्का. मालकीण बसली का रुसून उतरली, मागं न बघता कळंल!"