पाडलेला भाव

मंद्रूपच्या बाजारात गौरम्माशी घासाघीस करायला भलेभले कचरत. म्हणून लांबच्या प्रवासाची जुनी मोटारसायकल घ्यायला प्रभुलिंगनं आईलाच सोलापुरात आणलं. त्याला एकट्यानं लडाखला जायचं होतं. ऐकल्यापासून तिला त्या प्रवासाची धास्ती होती, पण कमाई पोराची, नको म्हणायची सोय नव्हती. विकणाऱ्या अल्तमशनं आपल्या अंगणात गाडी दाखवून दीड लाख सांगितले. गौरम्मानं मनाशी ठरवलं, भाव इतका पाडायचा की यानंच हाकलून द्यावं. "टाकीला पोचा हाय की, तम्मा. साठ हजार. वर दमडी न्हाई." "अव्वा, लाज काढतीस का?" प्रभुलिंग पुटपुटला. अल्तमशनं लंगडत येऊन किल्ली तिच्या हातावर ठेवली. "न्या, मावशी. मी पडल्यापासनं अम्मीला ही दारात नकोच हाय." पोरगा हरखून गेला. बोललेला भाव गौरम्मानं जन्मात फिरवला नव्हता. तिनं वर पाहिलं, तर घराच्या दारात उभ्या अल्तमशच्या अम्मीनं नजर वळवली.