जर एकीकडे, तर दुसरीकडे

लाल कागदाच्या पुंगळीतून प्लंबरने चिठ्ठी काढली आणि अडखळत इंग्रजीत वाचली, ‘सांताक्लॉज धुराड्यात अडकला, तर...’ पुढचा तुकडा वर्गात दुसऱ्या कोणाच्या तरी पुंगळीत होता. तो शोधून वाक्य जुळवायचं, असा हा नाताळचा खेळ होता.

प्लंबर इकडेतिकडे न बघता थेट खिडकीजवळच्या लॅबवाल्या ताईंकडे गेला. त्यांच्या चिठ्ठीत निघालं, ‘...तर बिस्किटं मऊ पडतील.’

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हे काही जुळत नाही. प्लंबरने मोडक्यातोडक्या इंग्रजीत वाद घातला की माणूस दोन दिवस अडकून बसला, तर त्याच्यासाठी काढून ठेवलेली बिस्किटं मऊ पडणारच. त्यावर लॅबवाल्या ताई तशाच इंग्रजीत म्हणाल्या, आधी बिस्किटं कमी खाल्ली असती, तर मुळात अडकलाच नसता. वर्ग खो खो हसला आणि बाईंनी दोघांना मार्क देऊन टाकले.

संध्याकाळचा वर्ग होता, नोकरीधंदा सांभाळून इंग्रजी शिकणाऱ्या दहा मोठ्या माणसांचा. बाकं मात्र लहान मुलांची, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे पोटाशी. नावं-आडनावं घरी ठेवून यायची, इथे कामावरून हाक मारायची, असं बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. जर-तरचा धडा आला तेव्हा त्यांनी ‘आत्याबाईला मिशा असत्या, तर काका म्हटलं असतं’ हे इंग्रजीत करायला लावलं. बेकरीवाल्याने आत्याबाईला सांताची दाढीही चिकटवली. झालं, तेव्हापासून वर्गात रोज नाताळ.

बाईंचा स्वभाव मुळातच चौकस. कुठलाही खेळ काढा, प्लंबर फिरून फिरून लॅबवाल्या ताईंपाशीच यायचा, हे त्यांच्या नजरेतून कसं सुटेल? दोघंही पन्नाशीला टेकलेले. तो दहा मिनिटं आधी यायचा, त्या पाच मिनिटं उशिरा. चहाच्या सुट्टीत तो व्हरांड्यात आणि त्या आत. एकमेकांशी मराठीत एक अक्षर बोलायचे नाहीत. इंग्रजी सुरू झालं, की मात्र दोघांनाही कंठ फुटायचा.

एकदा बाईंनी सहज विचारल्यासारखं करून प्लंबरला विचारलं, घरी सराव होतो का?

“घरी बोलायला कोण आहे, बाई?” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅबवाल्या ताईंनाही तेच विचारलं.

“घरी तोंड उघडायची वेळच येत नाही,” पर्स आवरत ताई म्हणाल्या. “म्हणून तर इथे येते.”

बाईंनी दोन आणि दोन चार केले. दोन एकटे जीव, आणि या वयात पुढाकार घ्यायचा कोणी, हा प्रश्न. मग बाईच कामाला लागल्या. चिठ्ठ्या वाटताना हळूच अशी हातचलाखी करायच्या, की ‘जर’ याच्याकडे गेला तर ‘तर’ तिच्याकडेच जावा. हे शिकवण्यात बसत नव्हतं, पण पुण्याचं काम म्हणून त्यांनी स्वतःला माफ केलं होतं.

घाईही होती. वर्ग संपायला तीन दिवस उरले होते आणि ड्युटी बदलल्यामुळे लॅबवाल्या ताई पुढच्या वर्गाला येणार नव्हत्या. तोवर प्लंबर मनातलं बोलला नाही, तर ते कायमचं राहून जाणार होतं. बाईंना रात्री झोप लागेना.

मग साखळीने गोष्ट रचायचा खेळ आला. सांता एका घरी फार उशिरा पोचतो, इथून पुढे जर-तर लावत जायचं. पाळी प्लंबरवर आली.

“तो वेळेवर आला असता, तर?” त्याने विचारलं.

“तर दार उघडंच असतं,” लॅबवाल्या ताई म्हणाल्या.

“त्याने दार वाजवलं असतं, तर?”

“तर उघडलं असतं. त्याने वाजवलंच नाही.”

बेकरीवाला म्हणाला, मग धुराडं कशाला असतं? सगळे हसले. बाई मात्र क्रियापदं दुरुस्त करायची विसरल्या.

शेवटच्या दिवशी, जमलं असतं तर कोणाला काय भेट दिली असती, ते सांगायचं होतं. बेकरीवाल्याने बाईंना बर्फाचं घर देऊन टाकलं. मग प्लंबर उठला. लॅबवाल्या ताईंकडे वळून “तुम्ही जर...” एवढंच म्हणाला आणि अडकला. त्याचे कान लाल झाले. ताई खाली बघत थांबून राहिल्या, चांगलं मिनिटभर. आणि हा बाबा पिशवी उचलून वर्गाबाहेर चालता झाला! वहीसुद्धा बाकावरच राहिली.

बाईंना त्याचा राग आला, कीवही आली. दोन दिवस कसेबसे काढून त्यांनी ऑफिसातून त्याचा पत्ता मिळवला. वही परत करायचं निमित्त होतंच. जिना चढताना त्यांनी भाषण पाठ केलं: आयुष्य काय पुन्हा पुन्हा मिळतं का, बोलून टाका एकदाचं, हवं तर मी मध्ये पडते. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी बेल दाबली.

दार लॅबवाल्या ताईंनी उघडलं. अंगात गाऊन, हाताला साबणाचा फेस.

बाईंना इतका आनंद झाला, की वही हातातून पडता पडता राहिली. म्हणजे गडी बोलला होता तर! दोनच दिवसांत मजल इथवर गेली होती. बाईंनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दारापासून चार हातांवर प्लंबर एक जुना नळ खोलून बसला होता. त्याच्या शेजारी कॉलेजच्या वयाची एक मुलगी मोबाइल बघत होती. लॅबवाल्या ताई बाईंकडे बघून ओळखीचं हसल्या आणि मागे वळून मुलीला म्हणाल्या,

“अगं, तुझ्या बाबांना सांग, वर्गातल्या बाई आल्यात.”

मुलीने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. “बाबा, आई म्हणतेय, वर्गातल्या बाई आल्यात.”

“आईला सांग,” नळावरची नजर न हलवता प्लंबर म्हणाला, “ऐकलं मी.”