उसन्या कळा

मृण्मयीला येणारी प्रत्येक कळ पोटाला लावलेल्या वायरमधून शेजारच्या खाटेवर जात होती, आणि तिथे तिची थोरली जाऊ कालिंदी चादर मुठीत धरून विव्हळत होती. मूलबाळ नाही म्हणून डोहाळजेवणात तिला ओटी भरू दिली नव्हती. कळा घ्यायला मात्र ती आपणहून पुढे आली, तेव्हा कुणाचीच ना नव्हती.

मृण्मयीला काहीच दुखत नव्हतं. ती नुसती चुळबुळत पडली होती.

"वहिनी, निदान शेवटची कळ तरी मला द्या."

"आता नाही देणार," कालिंदी धापा टाकत म्हणाली.

बाळ रडलं. नर्सने ते मृण्मयीच्या छातीवर ठेवलं. तिच्या कपाळावर घामाचा थेंबही नव्हता. शेजारून कालिंदीने हात पुढे केले, आणि 'नको' म्हणायला मृण्मयीला तोंडच उरलं नाही.