पाची बोटं

संस्थेत येणाऱ्या मुलांनी दर वसंतात कागदावर पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची आणि संकटात ज्यांच्याकडे धावत जाता येईल अशा पाचजणांची नावं बोटांवर लिहायची. वेन्लाच्या पाची बोटांवर एकच नाव होतं: इल्पो, संस्थेने तिला दिलेला मार्गदर्शक. “लळाच लागलाय पोरीला माझा!” दारातून इल्पो हसला. “सिर्का, परवानगीवर सही कर की. दोन दिवस तळ्याकाठच्या घरी नेतो. गाडीत बसलीसुद्धा ती.” संस्था चालवणाऱ्या सिर्काने पेन उघडलं आणि सहज भिंतीकडे पाहिलं. गेल्या वर्षी इल्पोकडे असलेल्या मुलाचा पंजा तिनेच कौतुकाने तिथे लावला होता. त्याच्याही पाची बोटांवर इल्पोच. तळ्यावरून परतल्यावर तो मुलगा इकडे फिरकलाच नव्हता. दोघांच्याही पंजात आईला एकही बोट नसावं? पेन टाकून ती इल्पोला ढकलून अंगणात धावली. तिला पाहताच वेन्लाने गाडी आतून लॉक करून घेतली.