अकरा बाटल्या

१८ मे १९५६, दुपारी दोन वाजता रामदासपेठेतल्या कचेरीत शिपाई जागेश्वरने खिडकीवरच्या वाळ्याच्या ताट्या भिजवल्या. नळ कोरडा होता आणि मागच्या विहिरीवर रणरणतं ऊन. पाणी होतं मधुसूदन साहेबांनी चार महिने देशभर हिंडून आणलेल्या अकरा बाटल्यांमधलं, अकरा गरम झऱ्यांचं. ते दिल्लीत तपासून कोणत्या झऱ्याची उष्णता देशाच्या कामाची, हे ठरायचं होतं.

"साहेबाच्या बाटल्या काहून रित्या केल्या गा?" झाडलोट करणाऱ्या भागीरथाबाईंनी विचारलं.

"साहेबालेच गरमी होऊन राहिली होती ना वं! सांजच्याले मागच्या विहिरीवरून भरून ठेवतो. एक थेंब कमी नाही होणार."

त्याने शब्द पाळला.



अकराही झऱ्यांचं पाणी तंतोतंत सारखं निघाल्याबद्दल दिल्लीहून साहेबांचं अभिनंदन आलं असून, त्या सर्वांच्या एकाच उगमाचा शोध अद्याप सुरू आहे.