गाळलेला परिच्छेद

सलग दोन वर्षं सगळ्या विद्यापीठांनी नकार दिला, तेव्हा तिसऱ्या वर्षी ब्रिटाने पीएचडीच्या अर्जासोबतचं 'मला मानसशास्त्रच का शिकायचंय' हे निवेदन नव्याने लिहिलं आणि आईला वाचायला दिलं. केस कापायच्या आपल्या दुकानातलं काम आटोपून नुकत्याच आलेल्या मार्लिसने अंगावरचा कोटही न काढता ते वाचलं. मग पान उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"यात आपला एमेट कुठं आहे गं?"

"काढला त्याला," ब्रिटा खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत म्हणाली. "माझे कॉलेजातले सर म्हणाले, भावाने जीव दिला म्हणून इकडे वळले, असं लिहिलं की निवड समिती बिचकते. त्यांना वाटतं, ही पोरगी दुसऱ्यांना कसलं बरं करतेय, स्वतःच बरी व्हायला आलीय."

"मनाचं शास्त्र शिकवणारे दुःखाला बिचकतात? मग मी केसांना बिचकायला हवं!"

ब्रिटाला हसू फुटलं आणि हसता हसताच डोळे भरले. "त्याच्यासाठीच तर शिकायचंय मला, आई. आणि आत शिरायचं तर त्यालाच दाराबाहेर ठेवायचं. नकोच पाठवू का हे?"

मार्लिसने पान टेबलावर ठेवलं. त्याचा दुमडलेला कोपरा, बाळाचं अंगडं सारखं करावं तसा, अंगठ्याने हळूच सरळ केला.

"पाठव," ती म्हणाली. "दुकानात नवी बाई खुर्चीत बसली आणि 'मुलं किती?' म्हणाली, की मीही 'एक मुलगी' एवढंच सांगते."