आखूड गाडी

"अहो, पोट सुटलं की माणूस पँट सैल करून घेतो. तुम्ही उलट आवळायला निघालात!"

शिंपीकाका टेबलावर हात आपटून बोलत होते आणि स्टेशनमास्तर कपाळाला हात लावून ऐकत होते. रविवारच्या गाडीचे चार डबे काढल्यापासून मास्तरांच्या मागे हा ससेमिरा लागला होता.

"काका, माझ्या हातात काय आहे? वरून येते ती गाडी. मी फक्त झेंडा दाखवतो."

या आखूड गाडीने काकांचा जीव मेटाकुटीला आणला होता. दाराला माणसं लोंबकळायची, आत मुंगीला शिरायला जागा नसायची. एकदा ते स्वतःच लेकीकडे जायला निघाले, तर गर्दीने त्यांची एक चप्पल नेली आणि त्यांना फलाटावर ठेवलं.

लेक शहरात राहायची. काकू गेल्यापासून ती माहेरी आली नव्हती. वर्षभराच्या नातीला काकांनी अजून मांडीवर घेतलं नव्हतं. अंदाजाने फ्रॉक शिवायचे, आणि फ्रॉक कपाटात पडल्या पडल्याच तिला लहान व्हायचे.

"बाबा, लहान पोरीला घेऊन त्या गर्दीत कशी चढू?" दर शनिवारी ती फोनवर म्हणायची.

"मग मी येतो पुन्हा."

"नको नको, गुडघे बघा तुमचे! डबे वाढू देत, आम्हीच येऊ."

झालं, काकांनी चंगच बांधला. माप घेता घेता त्यांनी एकेका गिऱ्हाइकाला पेटवलं. शेवटी एका रविवारी अर्धं गाव रुळांवर जाऊन बसलं. वरचे साहेब धावत आले, बरीच घासाघीस झाली, आणि काय आश्चर्य, काढलेले चार डबे मिळालेच, वर दोन जास्तीचे जोडले.

काकांनी त्याच संध्याकाळी फोन लावला. "अगं, आता अख्खी बाकडी रिकामी राहतील! पाय पसरून ये."



"हो का? बरं झालं," लेक म्हणाली. "बघते."

पहिल्या रविवारी नातीला सर्दी झाली. दुसऱ्या रविवारी जावयांना सुट्टी मिळाली नाही. "मग मीच येऊ का?" काकांनी विचारलं, तर "नको बाबा, आम्ही येतोय ना," म्हणत तिने घाईघाईने फोन ठेवला. तिसऱ्या रविवारी तिने फोन उचललाच नाही. तरी काका फलाटावर गेले आणि गाडी सुटेपर्यंत एकेका खिडकीत डोकावत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले.

मास्तरांनी त्यांना हाक मारून आत बसवलं, चहा मागवला.

"काय काका, आता तरी खूश? की लावू अजून एखादा डबा?"

काकांना रडू येत होतं. त्यांनी ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

"मास्तर," ते खाली बघत म्हणाले, "गाडी पुन्हा आखूड करून मिळेल का?"